वालबुर्गाचं नाव

हिंटरलोहे, २१ ऑक्टोबर १९८४

प्रिय वर्ना आत्या,

तुझं पत्र काल मिळालं. पाकिटात तू घातलेलं मेपलचं पान थोडं मोडलं होतं, पण रंग तसाच आहे. जूनीने ते आपल्या उशीखाली ठेवलं. आईने उशी झटकली तेव्हा त्याचा भुगा झाला आणि जूनी अर्धा तास रडली. आठ वर्षांची झाली तरी ती अजून अशीच आहे. तिला घराची आठवण येते. मलाही येते, पण मी एकोणीस वर्षांची आहे, म्हणून मी ते फक्त तुला लिहिते.

आम्ही मजेत आहोत, हे आधी सांगायला हवं होतं. बाबा सकाळी सहाला अमेरिकन सैन्याच्या तळावर जातात, ट्रक दुरुस्त करतात आणि पाचला परत येतात. रविवारी आम्ही टेकडीवरच्या जंगलात जातो. मागच्या रविवारी इतकी सफरचंदं आणली की आईने दोन दिवस घोटून मुरंबा केला. घरभर दालचिनीचा वास होता. वास घेत फ्राऊ डोबमायर काठी टेकत जिन्याच्या पायरीपर्यंत आल्या. त्या आमच्या घरमालकीण. सत्तरीला आल्या आहेत. तळमजल्यावर एकट्याच राहतात. नवरा जाऊन दोन वर्षं झाली. आम्ही सप्टेंबरमध्ये आलो तेव्हा त्या इस्पितळात होत्या, खुब्याचा सांधा बदलला म्हणून. आईने त्यांना बरणीभर मुरंबा दिला. त्यांनी चाखला आणि मला म्हणाल्या, "आईला सांग, साखर फार घालते. पण द्या अजून एक बरणी."

माझी जर्मन भाषा आता बरी झाली आहे. घरात मीच दुभाषी. बाबांना "नमस्कार" आणि "बिल आणा" एवढंच येतं.

एकदा त्या आमच्यावर रागावल्या. मागच्या आठवड्यात शनिवारी त्यांनी काठीच्या आधाराने अंगणातला सगळा पाला एका कोपऱ्यात ओढला आणि जूनीने त्यात उडी मारली. बाबांनीही मारली. फ्राऊ डोबमायर खिडकीतून म्हणाल्या, "अमेरिकेत पाला गोळा करतात तो कशाला, लोळायला?" बाबांना ते कळलं नाही, त्यांनी हसून हात हलवला. मी नंतर सगळा पाला पुन्हा ओढला. तरी मला ते दोन दिवस लागून राहिलं होतं.

३१ला हॅलोवीन, पण भुताखेतांचा हा खेळ इथे कुणाला ठाऊक नाही. जूनीने मागच्या वर्षीसारखंच सगळं हवं असा हट्ट धरला आहे. भोपळा मिळाला नाही, पण एका शेतकऱ्याने गुरांना घालायचे मोठे कंद दिले आहेत, ते कोरू. आणि पुठ्ठ्याच्या थडग्यांचं तू शिकवलंस तसं करणार आहोत, करडा रंग, वर नाव आणि गंमतीची ओळ. आमचं अंगण रस्त्याला लागून आहे, समोर थोडं वर गेलं की गावची दफनभूमी. म्हणजे देखावा अगदी जागेवर होईल, असं बाबा म्हणतात.

तुझ्या गुडघ्याचं कसं आहे ते लिही.

तुझी
ॲडी


हिंटरलोहे, ६ नोव्हेंबर १९८४

प्रिय वर्ना आत्या,

एक वाईट गोष्ट झाली. तुला लिहू की नको, तीन दिवस ठरवत होते.

हॅलोवीनची संध्याकाळ छान गेली. तळावरची चार मुलं आली होती, त्यांना गोड खाऊ दिला. थडगी सहा होती. ती आम्ही रात्री उचलली नाहीत, सकाळी उचलू म्हटलं. सकाळी पाऊस होता, म्हणून दुपारी उचलू म्हटलं.

१ नोव्हेंबरला इथे सर्वसंतांचा दिवस असतो. मला तो माहीत होता, पुस्तकात वाचला होता. पण त्या दिवशी सबंध गाव मिरवणुकीने दफनभूमीत जातं, प्रत्येक कबरीवर पवित्र पाणी शिंपडतात, हे मला माहीत नव्हतं. दीड वाजता बँड वाजला. काळे कोट घातलेली माणसं आमच्या कुंपणाशी आली आणि चालता चालता थांबली. कुणी ओरडलं नाही. पुढचे थांबले म्हणून मागचे थांबले, एवढंच. फ्राऊ डोबमायर मिरवणुकीत होत्या. त्या काठी टेकत अंगणात आल्या आणि एका पुठ्ठ्यासमोर उभ्या राहिल्या. त्याच्यावर लिहिलं होतं: वालबुर्गा त्सिंटल, १९४७ ते १९५१. आणि खाली: थोड्याच वेळात परत येते.

आत्या, ती त्यांची मुलगी होती. लग्नाआधीची. म्हणून आडनाव त्यांच्या माहेरचं. चार वर्षांची असताना घटसर्पाने गेली. पुढे डोबमायरांशी लग्न झालं, आणि त्या घरात तीस वर्षं कुणी ते नाव काढलं नाही. गावाने काढलं नाही, त्यांनीही नाही. हे त्यांनी मला तिसऱ्या दिवशी सांगितलं, बटाटे सोलता सोलता, माझ्याकडे न बघता.

त्यांचं आणखी एक दुःख आहे. दफनभूमीत लहान मुलांच्या कबरींची एक जुनी ओळ होती. मुदत संपल्यावर इथे कबर काढून टाकतात, तशी ती ओळ सप्टेंबरमध्ये काढली आणि तिथून पाण्याच्या नळाकडे जायची वाट केली. त्या इस्पितळात होत्या. परत आल्या तेव्हा खडी टाकून झाली होती. दगडांचं काय केलं विचारलं तर कळलं की फोडून टाकले.

बाबा १ तारखेच्याच संध्याकाळी त्यांच्याकडे माफी मागायला गेले. जूनी लहान आहे, तिच्या खेळात हे झालं, असं त्यांनी सांगितलं. फ्राऊ डोबमायरांनी ते ऐकून घेतलं. त्या अजिबात रागावल्या नाहीत. उलट त्यांनी जूनीला रोज खाली बोलावलं आहे. तिच्यासाठी लाल हातमोजे विणताहेत.

पुठ्ठे बाबांनी जाळले. सगळं शांत झालं आहे. तू काळजी करू नकोस.

तुझी
ॲडी


पाइन क्रीक, मिझुरी
१७ नोव्हेंबर १९८४

प्रिय ॲडी,

गुडघा आहे तसाच आहे. तो बरा होणार नाही आणि त्याच्याबद्दल पुन्हा विचारू नकोस.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी तुझ्या बापाचं, हारलनचंही पाकीट आलं. त्यात अंगणाचा एक फोटो आहे, जूनी मध्ये उभी, डोक्यावर चादर. तुझा बाप फोटो बरे काढतो, सगळं स्वच्छ दिसतं. मी भिंग घेऊन बसले.

जूनी अजून मोठी अक्षरं काढताना ओळ सोडून डोंगर चढते. त्या पुठ्ठ्यावरची अक्षरं पट्टी लावल्यासारखी आहेत. प्रत्येकाच्या पायाला एक बारीक आडवी रेघ आहे. ती रेघ मी शिकवली आहे, पोरी. या स्वयंपाकघरात, याच टेबलावर, तू सहा वर्षांची असताना. दिवसभर बसून तू ती गिरवलीस आणि जेवायला उठली नाहीस. शिवाय खालची ओळ जर्मन आहे. तुझ्या घरात जर्मन कोणाला येतं ते तूच मला लिहून कळवलं आहेस.

तुझ्या पत्रात "तिच्या खेळात हे झालं" हे वाक्य तुझ्या बापाच्या तोंडी आहे. तू स्वतः ते कुठेच म्हटलेलं नाहीस. मी तुला वाक्यं बांधायला शिकवलं, त्यामुळे मला ती सोडवताही येतात.

आता नीट लिही. नाव कुठून आणलंस? आणि बाप माफी मागत होता तेव्हा तू कुठे होतीस?

वर्ना आत्या


हिंटरलोहे, २८ नोव्हेंबर १९८४

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी जिन्यात बसून वाचलं, वर नेलं नाही.

नाव मी आणलं. सगळी सहाही नावं मी आणली. जूनीने फक्त पुठ्ठे रंगवले.

मला वाटलं, गंमतीची नावं खोटी वाटतात, खरी जर्मन नावं हवीत. म्हणून २७ ऑक्टोबरला मी वही घेऊन दफनभूमीत गेले. उभ्या कबरींवरची नावं घ्यायची नाहीत असं मी आधीच ठरवलं होतं. त्यांची माणसं गावात असतील, ते बरं दिसणार नाही. मागच्या भिंतीपलीकडे, पालापाचोळा टाकतात तिथे, काही छोटे दगड पडलेले होते. काही एकमेकांवर, काही उताणे. मला वाटलं, हे टाकलेले आहेत, म्हणजे यांचं आता कुणी नाही. म्हणून त्यांवरची नावं घेतली. मी काळजी घेतली होती, आत्या. कुणाला दुखवायचं नाही म्हणूनच मी तिथे गेले, आणि नेमकं तिथेच ते नाव होतं. "थोड्याच वेळात परत येते" हे मी शब्दकोशात दोनदा तपासलं. चूक नको म्हणून.

आता दुसरं. बाबा माफी मागत होते तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभी होते. फ्राऊ डोबमायरांनी विचारलं, "कोणी लिहिलं?" मी ते बाबांना सांगितलं. बाबांनी घरी येताना जूनीला रंगाच्या डब्याशी पाहिलं होतं, त्यांना तेवढंच माहीत. ते म्हणाले, "धाकटीने. लहान आहे, तिला काय कळतंय." आणि मी ते भाषांतर केलं. शब्दाला शब्द. व्याकरणाची एकही चूक केली नाही.

मला थांबता आलं असतं. त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की दुभाष्याने मध्ये आपलं काही घालायचं नसतं.

मी हे सांगून टाकलं असतं. खरंच सांगणार होते, दुसऱ्या दिवशी सकाळी. पण त्या दारातच म्हणाल्या, "तुझ्या बहिणीला जर्मन येत नाही ना?" मी म्हटलं, नाही. "तिने ते नाव कधी ऐकलं नाही?" मी म्हटलं, नाही. ही दोन्ही उत्तरं खरी आहेत. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मग तिला कुणी सांगितलं ते मला ठाऊक आहे."

त्यांना वाटतं, वालबुर्गाने सांगितलं. कबर मोडली, दगड फोडला, म्हणून तिने एका लहान मुलीच्या हातून निरोप पाठवला की मी येते आहे. त्या वेड्या नाहीत, आत्या. हिशेबी बाई आहेत, बेकरीत पाव हाताने तोलून घेतात. पण हे त्यांनी मनात धरलं आहे, आणि तेव्हापासून त्या चालतात वेगळ्या. मागच्या गुरुवारी आम्ही थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला त्यांना वर बोलावलं. काठी खालीच ठेवून कठडा धरत आल्या, आणि तळावरून आणलेल्या टर्कीला नावं ठेवत दोनदा वाढून घेतलं. आई मला म्हणाली, आपल्यामुळे म्हातारी माणसांत आली. मी ताटाकडे बघत राहिले.

मी काय करू? सांगितलं तर त्यांचं हे सगळं जाईल. हेच मी स्वतःला रोज सांगते. पण भीतीही आहेच, ती नाही असं म्हणणार नाही.

शेवटचं तुला लिहायला मला सगळ्यात जड जातं. जूनी आता निरोप सांगू लागली आहे. फ्राऊ डोबमायर तिला मोडक्या इंग्रजीत विचारतात, "आली होती का स्वप्नात? थंडी वाजते का तिला?" परवा मी दारात होते. जूनी म्हणाली, "नाही वाजत. ती म्हणते तिच्याकडे पांघरूण आहे." वर आल्यावर मी तिला विचारलं, हे कुठून आणलंस? ती म्हणाली, "ताई, तिला बरं वाटतं ना? मग?" आणि मग ती म्हणाली, "तूही काही बोलली नाहीस."

तुझी
ॲडी


पाइन क्रीक, ८ डिसेंबर १९८४

प्रिय ॲडी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग बाहेर जाऊन लाकडं फोडली, गुडघा असूनही.

आधी माझं सांगते. तुझी पाटी मी कुणाला दाखवायच्या आधी स्वच्छ करून घ्यायचे. तुझी आई संध्याकाळी कारखान्यातून यायची तेव्हा तुझ्या वहीत एक खाडाखोड दिसायची नाही. पोरगी किती हुशार, असं सगळे म्हणायचे आणि मला बरं वाटायचं. तुला चूक खोडायला शिकवली मी. चूक हातात धरून चार माणसांसमोर उभं राहायला नाही शिकवलं. ते शाळेत इतर पोरांमध्ये शिकता येतं, आणि मी तुला दहाव्या वर्षापर्यंत घरीच शिकवलं, शाळेत जाऊ दिलं नाही. तेव्हा या प्रकरणात माझाही हात आहे, हे मी मानते. पण तुझा वाटा त्यामुळे कमी होत नाही.

त्या बाईचा आधार जाईल म्हणतेस. जाईल. मी तुला खोटं सांगणार नाही. पण तो आधार आता कशावर उभा आहे ते बघ. तो आठ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर उभा आहे. ती रोज खाली जाते आणि मेलेल्या मुलीच्या वतीने बोलते. अजून वर्षभराने तिला स्वतःलाच कळणार नाही की कुठलं खरं. तिने तुला जे म्हटलं ते पुन्हा वाच. मी तर ते वाचून बसलेच.

पहिल्यांदा तुझ्या बापाला सांग. खोटं तू त्याच्या तोंडून वदवलंस आणि त्याला पत्ताही नाही. मग त्या बाईला. पत्र लिहू नकोस. पत्रात तू फार छान लिहितेस. समोर उभी राहा आणि वाईट बोल.

नाताळाच्या आधी.

वर्ना आत्या


हिंटरलोहे, २६ डिसेंबर १९८४

प्रिय आत्या,

तुझं पत्र वीस तारखेला आलं. मी तीन दिवस घालवले, हे लपवत नाही. आगमनपर्वाची, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतली, चौथी मेणबत्ती लागली, आईने जिंजरब्रेडची घरं केली, आम्ही न्युरेनबर्गच्या बाजारात जाऊन आलो, जूनीने काचेचा पक्षी घेतला. सगळे आनंदात होते आणि मी उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत होते.

तेवीसला बाबांना सांगितलं. ते बूट पॉलिश करत होते. पॉलिश करणं त्यांनी थांबवलं नाही. शेवटी म्हणाले, "मी जे बोललो ते खरं समजून बोललो. तू ते खोटं माहीत असून बोललीस." मग विचारलं, "मी येऊ बरोबर?" मी नको म्हटलं. ते म्हणाले, "बरं," आणि दुसरा बूट घेतला.

चोवीसला सकाळी अकरा वाजता खाली गेले. संध्याकाळी आम्हा सगळ्यांना त्यांनी जेवायला बोलावलं होतं. बैठकीच्या खोलीला संध्याकाळपर्यंत कुलूप होतं, आत नाताळचं झाड. त्या स्वयंपाकघरात झाडाला मेणबत्त्या लावायचे चिमटे पुसत होत्या. मी बसले नाही. म्हटलं, "ते नाव जूनीने लिहिलं नाही. मी लिहिलं. खालची ओळही मी लिहिली, गंमत म्हणून. माझ्या वडिलांना हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं, तरी त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं. जूनी सांगते ते निरोप तिने मनाने रचलेले आहेत." दोनदा क्रियापद चुकलं. मी सुधारलं नाही.

त्यांनी हातातला चिमटा बाकीच्यांच्या ओळीत ठेवला. त्या रडल्या नाहीत. मला वाटलं होतं त्या विचारतील, का? त्यांनी विचारलं, "नाव कुठून उतरवलंस?"

मी म्हटलं, दगडावरून. भिंतीमागे पडला होता.

"फोडलेला?"

"नाही. अख्खा होता. वरचा कोपरा उडाला होता थोडा."

त्या उठल्या, कोट घातला. मी त्यांचे बूट घालून दिले, कारण त्यांना अजून वाकता येत नाही. माझ्या हातांकडे त्या वरून बघत होत्या. आम्ही वर दफनभूमीकडे गेलो. चढावर बर्फ होता, त्यांनी माझा दंड धरला, पण आधाराला धरतात तसा, माणसाला धरतात तसा नाही. भिंतीमागे काही नव्हतं. ट्रॅक्टरच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या होत्या आणि त्या गोठलेल्या होत्या. दफनभूमीचा राखणदार वाट झाडत होता. तो म्हणाला, जागा साफ केली. कधी, विचारलं तर म्हणाला, आगमनपर्वाच्या पहिल्या आठवड्यात. दगड कुणी नेले ते त्याला माहीत नाही म्हणाला आणि झाडू लागला.

आत्या, पहिल्या आठवड्यात. म्हणजे ३ डिसेंबरनंतर. १ नोव्हेंबरला मी बोलले असते तर दगड तिथे होता. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाही होता. तुला मी मोठं कबुलीचं पत्र लिहिलं, त्या दिवशीही तो तिथेच होता, घरापासून दोनशे पावलांवर. मी त्यांचा आधार जाऊ नये म्हणून गप्प बसले, आणि त्यांच्या मुलीचं जे एकच खरं होतं ते जाऊ दिलं.

फ्राऊ डोबमायर बर्फाने पांढऱ्या झालेल्या त्या जागेकडे बघत होत्या. म्हणाल्या, "पाच आठवडे." एवढंच. मग वळल्या.

मला खात्री होती की संध्याकाळ रद्द होईल. मी आईला सांगितलंही. पण सहा वाजता खालून घंटी वाजली, आम्ही उतरलो, खोलीचं दार उघडं होतं आणि झाडावर खऱ्या मेणबत्त्या जळत होत्या. टेबलावर सॉसेज आणि आंबट कोबी, पाच ताटं, पाच खुर्च्या. माझी खुर्चीही होती. बाबा अवघडून उभे होते. फ्राऊ डोबमायरांनी त्यांना हाताने बसायची खूण केली.

जूनीला आम्ही काही सांगितलं नव्हतं. तो माझा आणखी एक भित्रेपणा. ती लाल हातमोजे घालून आली होती. त्यांच्या कुशीत शिरून म्हणाली, "वालबुर्गा म्हणाली की..."

फ्राऊ डोबमायरांनी तिच्या तोंडावर हात ठेवला. जोरात नाही. मग माझ्याकडे बघितलं, मी भाषांतर करावं म्हणून. म्हणाल्या, "तिला सांग, आता निरोप आणायचे नाहीत. निरोप नसला तरी यायचं. नुसतं यायचं."

मी ते सांगितलं. जूनीने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि ती अशी रडायला लागली की तिला श्वास घेता येईना. "ती कधीच काही म्हणाली नाही," ती म्हणत राहिली. मी तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो गं. हो." आणि तिचे हातमोजे काढून तिला जेवायला बसवलं.

माझ्याशी त्या त्यानंतर बोललेल्या नाहीत. काल नाही, आज नाही. जिन्यात भेटल्या तर बाजूला होतात आणि मी पुढे जायची वाट बघतात.

तुझी
ॲडी


पाइन क्रीक, ६ जानेवारी १९८५

प्रिय ॲडी,

क्षमा मागत त्यांच्या दारात उभी राहू नकोस. आता मागितलीस तर ती तुला हवी म्हणून मागशील. त्यांना काय हवं ते त्या सांगतील, किंवा सांगणार नाहीत. जिना तुमच्या पाळीला झाडत जा. समोर आल्या तर तू बाजूला हो.

तू लवकर बोलली असतीस तर, हा हिशेब खरा आहे. तो मी तुझ्यासाठी हलका करून देणार नाही. पण माझी पहिली चिठ्ठी तुला "आज सांग" म्हणू शकली असती. मी आधी तुझी अक्षरं तपासत बसले. तेवढे दिवस माझ्या खात्यावर टाक.

जूनीला माझा पापा.

वर्ना आत्या


हिंटरलोहे, १९ जानेवारी १९८५, सकाळी

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं. मी कुणाच्या दारात उभी राहिले नाही. जिना मी तुझं पत्र यायच्या आधीपासून झाडते आहे, तीन आठवडे झाले. ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, पोरं आली, आमच्या आणि फ्राऊ डोबमायरांच्या दारावर खडूने आशीर्वाद लिहून गेली, तेव्हा आम्ही दोघी एका उंबऱ्यात उभ्या होतो आणि दोघींनी पोरांना वेगवेगळा खाऊ दिला. जूनी रोज खाली जाते. आता तिथे पत्ते खेळतात, आणि जूनी सांगते की आजी लबाडी करतात.

बुधवारी रात्रीचं जेवण होत असताना जिन्यात काठीचा आवाज आला. फ्राऊ डोबमायर होत्या. बसल्या नाहीत. बाबांना उद्देशून बोलल्या, म्हणजे मला ते बाबांना सांगावं लागलं. त्या पाद्र्यांकडे गेल्या होत्या. पाद्री म्हणाले, सप्टेंबरमध्येच दगड फोडले असं त्यांना सांगण्यात आलं होतं, भिंतीमागे काही असणं शक्य नाही. तुम्ही आजारी होतात, तुम्हाला कुणी काहीतरी सांगितलं असेल, असंही पाद्री म्हणाले.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू उद्या येशील आणि त्यांना सांगशील."

मी गेले. पाद्र्यांच्या कचेरीत राखणदारही होता, आणि गावातली दोन माणसं त्यांच्या कामाला आली होती ती बाहेर गेली नाहीत. मी वही उघडून ठेवली. तारीख, सहा नावं, कुठला दगड उताणा होता, कुठल्याचा कोपरा उडाला होता. ही नावं कशासाठी उतरवली होती तेही सांगितलं, कारण ते त्यांनी विचारलं. बाहेर न गेलेल्यांपैकी एक जण हसला. माझा आवाज चिरकला, पण मी सांगून संपवलं. फ्राऊ डोबमायर शेजारच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि सगळा वेळ त्या हसणाऱ्या माणसाकडे बघत होत्या. तो शेवटी खाली बघू लागला.

पाद्री नवीन आहेत, वाईट नाहीत. त्यांनी नावं दोनदा वाचली आणि राखणदाराला नुसतं म्हटलं, "मग?" राखणदार हातातली टोपी फिरवू लागला. म्हणाला, फोडायचं यंत्र आलंच नाही. दगड तसेच पडले होते. मग वरच्या वाडीच्या एका शेतकऱ्याने ते मागितले, गोठ्यापुढे चिखल होतो तिथे भर घालायला. अजून घातलेत की गोठ्यामागे रचून ठेवलेत, ते त्याला ठाऊक नाही. जमीन गोठलेली आहे, तेव्हा कदाचित नसतील घातले.

घराच्या दाराशी आल्यावर फ्राऊ डोबमायर म्हणाल्या, "शनिवारी तुझ्या वडिलांना गाडी काढायला सांग. तिथे पुष्कळ दगड असतील. बर्फाखाली, पालथेही असतील. मी तिचा दगड चार महिने पाहिलेला नाही, आणि माझे डोळे आता तसे राहिले नाहीत. तू तो वाचला आहेस. तू चल."

मी म्हटलं, "फ्राऊ डोबमायर, मला तुम्हाला..."

"ते नंतर," त्या म्हणाल्या. "आधी शोधू."

आज शनिवार. बाबांनी गाडीत फावडं आणि दोन जुन्या चादरी टाकल्या आहेत. जूनीला आईने घरी ठेवलं आहे. दगड मिळेल असं मला वाटतं का, हे मी स्वतःला विचारत नाही. मिळाला नाही तर प्रत्येक दगड उलटून पाहायचा, एवढं ठरवलं आहे. खालून काठीचे दोन ठोके ऐकू आले. त्या कोट घालून दारात उभ्या असतील, आणि बूट मलाच घालून द्यायचे आहेत.

ॲडी